दुसरा अर्थ

‘फॅक्ट्स ऑफ लाइफ.’ सविता मॅडमनी आठवीच्या फळ्यावर लिहिलं आणि खडू झटकला. "म्हणजे आयुष्यात जे कुणालाच चुकत नाही, ते. म्हातारपण येतं. माणूस मरतो. चुकतं का कुणाला?"

परमेश्वर गाईड उघडून उभा राहिला. "मॅडम, हितं दुसरा बी अर्थ हाय. वयात येताना शरीरात जे बदल..."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅडमचे कान तापले. त्यांनी डस्टर उचललं आणि फळा पुसून टाकला. "तो परीक्षेला येत नाही. बस खाली."

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. निकिता तेवढी बाकाला चिकटून बसलेली. दोनदा सांगूनही हलेना, तेव्हा मॅडम चिडून जवळ गेल्या. दंडाला धरून उठवलं, आणि बाकावरचा डाग बघून त्यांची पकड सुटली.

"सकाळपासून रक्त जायलंय," निकिता कुजबुजली. "पोटात लय दुखायलंय. मॅडम, मी मरायले का? मायला नका सांगू. रडून रडून जीव देईल ती."

"अगं, तुला कुणी काही सांगितलं नाही?"

"काय?"

मॅडमना तिच्याकडं बघवेना. तासाभरापूर्वी ही पोर याच बाकावर बसून ऐकत होती. मरण कुणाला चुकत नाही, एवढंच तिच्या पदरात पडलं होतं.

त्या तिच्याशेजारी टेकल्या. अडखळत, शब्द शोधत, सगळं सांगितलं. निकिता डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"तुमाला बी होतंय?"

"मलाबी. तुझ्या मायलाबी."

पोरीच्या तोंडावर जरा रंग आला. मॅडमनी पर्समधलं पॅड तिच्या हातात दिलं, आपली शाल तिच्या कमरेला बांधली, ओल्या रुमालानं बाक पुसला. बाथरूम मैदानापलीकडं होतं आणि मैदानात पोरांचा कबड्डीचा डाव रंगला होता.

दारात निकिता थबकली. "मॅडम, हे कुणाला सांगायचं नसतंय ना?"

"नाही गं, कुणालाच नाही," मॅडम हळूच बोलून गेल्या. बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

निकितानं शहाण्यासारखी मान डोलावली, ती खाली घातली आणि पोरांमधून चालू लागली. शेजारून चालणाऱ्या सविता मॅडमना, ‘वर बघून चाल,’ म्हणायला तोंड उरलं नव्हतं.