वर कळवण्यात येईल

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो न मिळालेले लॅबवाले काका शाळेचे जुने फोटो काढायला बसले. कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडली, तर पडद्यावर उत्तर आलं, 'ही डिस्क उघडण्याचा अधिकार तुम्हाला नाही.' काकांनी वायर काढली, पुसली, परत लावली. मग कुठेतरी वाचलेली ॲडमिनची आज्ञा टाइप करून पाहिली. आता खाली आणखी एक ओळ आली, 'या प्रकाराची तक्रार ॲडमिनकडे केली आहे.'

काकांचं धाबं दणाणलं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी आणखी दोनदा तेच केलं, आणि एकाच्या तीन तक्रारी झाल्या. रिटायर व्हायला उरले होते दोन महिने. चेहरा पाडून ते मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, आपले ॲडमिन कोण हो? जाऊन माफी मागून येतो."

"अहो काका, ते सर कधीच गेले नोकरी सोडून. वर्ष झालं, चार्ज तुमच्याच नावावर आहे." बाईंनी खणातून एक बंद पाकीट काढलं. "पासवर्ड तेवढा द्यायचा राहिला."

पाकीट फोडून काका ॲडमिन झाले. डिस्क मुकाट्याने उघडली. शेजारी तीन तक्रारी निकालाची वाट बघत होत्या, आणि काका पडले नियमाचे पक्के.


त्यांनी मेमो काढला, ॲडमिन म्हणून त्यावर सही केली, आणि खाली 'मेमो मिळाला' असं लिहून दुसरी केली.