निळ्यावर लाल

सिनाईच्या वाळवंटात बायकांच्या झग्यावरच्या भरतकामात लाल टाका सवाष्णीचा, निळा विधवेचा. निळ्यातल्या हमदाला शेजारच्या तांड्यातून मागणी आली होती, पण सासूपुढे तोंड उघडायचा धीर होईना. आज सासूनेच पेटीतून स्वतःचा लग्नातला झगा काढला. कापड पार विरलं होतं. छातीवरची लाल नक्षी मात्र कालच भरल्यासारखी, उलटी बाजूसुद्धा सुलटीइतकीच देखणी. हमदा बघतच राहिली. म्हातारीने कात्रीने नक्षीच कापून काढली. “आत्याबाई, काय केलंत हे!” “कापड थकलं, माझे टाके नाही. तुझा झगा आण, त्यावर बसवते. आमच्या घरची नवरी निळ्यात गेली, तर नाक कुणाचं कापलं जाईल?” हमदा मान खाली घालून आपल्या झग्यावरची निळी नक्षी उसवू लागली. सासूने हातावर चापट मारली. “ती राहू दे. वर लाल, खाली माझा लेक. नव्या नवऱ्याला पत्ता लागायचा नाही.”