मास्तरांचं घोरणं

"हे आत नेता येणार नाही," जहाजाच्या दारातला तपासनीस म्हणाला आणि मास्तरांच्या बॅगेतला एक्स्टेन्शन बोर्ड त्याने बाजूच्या टोपलीत टाकला. "आगीची भीती असते."

"अहो, मग मशीन लावणार कुठे?" बाईंचा आवाज चढला. "मशीन नाही तर मी तुमच्या शेजारी झोपणार नाही, आधीच सांगून ठेवते!"

मागे रांगेतली माणसं कान टवकारून ऐकत होती. मास्तर हसले. "अगं, एवढं मोठं जहाज. हातभर वायर मिळणार नाही होय?"

मास्तरांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय जादा ब्रेकवर ठेवायचा, आणि शिकाऊ माणसाने कुणाला ठोकलंच तर आपणच उतरून हात जोडायचे. "माझी चूक. ब्रेक माझ्याकडे होता." शिकणाऱ्याला चारचौघांत मान खाली घालायला लावायची नाही, हा त्यांचा नेम. बाई गाणं शिकवायच्या. सुरापासून केसभर ढळलेलं त्यांना खपत नसे, मग ते शिष्याचं असो नाहीतर दाराच्या बिजागरीचं.

संसार सुखाचा झाला. मास्तरांनी काम सोडलं, जिवाला निवांतपणा आला, झोप गाढ लागू लागली आणि तिथेच माशी शिंकली. घोरण्याच्या आवाजाने बाई रात्री दचकून उठायला लागल्या. "अहो, किती घोरता!" आधी कोपराने ढोसणं झालं, मग रुसवा झाला, आणि एक दिवस बाई उशी काखेत मारून लेकीच्या रिकाम्या खोलीत गेल्या त्या गेल्याच. लेक फोनवर चिडवायची, "बाबा, तुमचं इंजिन आईला भोवलं!" मास्तरही हसायचे.

पण ते हसू तोंडदेखलं. पूर्वी दिवा मालवल्यावर बाई अंधारात काहीबाही बोलत राहायच्या. कोणता शिष्य बेसूर, कुणाची सून गुणाची, उद्या भाजी कोणती करायची. त्या बोलण्यावरच मास्तरांचा डोळा लागायचा. आता पलीकडची उशी सकाळी होती तशीच कोरी असायची. भिंतीपलीकडून काही ऐकू येतंय का, म्हणून मास्तर कान देऊन पडायचे. माणसाला आठवण यावी आणि ती कुणाची, तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या स्वतःच्या बायकोची! सांगायचं तरी कुणाला?

शेवटी एका जुन्या शिष्याकडून मास्तरांनी हे श्वासाचं मशीन आणलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या टोकाला डबा. डबा रात्रभर हवा फुंकतो आणि माणूस घोरायचा थांबतो.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"बायकोला खूश ठेवा म्हणाले."

तरी बाई खोली बदलेनात. म्हणून ही जहाजाची सहल. एक केबिन, एक पलंग. बाईंनी अट घातली होती, "तिथे मला शांत झोप लागली तर घरी तुमच्या खोलीत परत येईन. नाहीतर आहे तेच बरं."

केबिन म्हणजे आगपेटीच. प्लग आरशापाशी आणि पलंग दुसऱ्या टोकाला. पण खोली आवरणाऱ्या माणसाने जहाजाची स्वतःची वायर आणून दिली, मशीनमध्ये भरायला शुद्ध पाण्याची बाटलीही दिली. मास्तरांनी मास्क चढवला.

"हत्ती दिसताय अगदी," बाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. अंधारात त्या बोलत राहिल्या. मास्कमुळे मास्तरांना उत्तर देता येईना. त्यांनी नुसता हात धरून ठेवला.

सकाळी बाई टवटवीत. "एकदाही जाग आली नाही हो! गुणाचं आहे तुमचं मशीन."

"म्हटलं नव्हतं?"

"पण तुमचे डोळे का लाल?"

"सवय व्हायचीय अजून."

पुढच्या रात्रीही तशाच गेल्या. दिवसा मात्र मास्तर डेकवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपून जायचे. शेजारच्या खुर्चीतल्या आजी कौतुकाने म्हणाल्या, "किती शांत झोपतात हो तुमचे यजमान! श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

"मशीनचा गुण," बाई ऐटीत म्हणाल्या. "आता दिवसासुद्धा टिकतो."

शेवटच्या रात्री समुद्र जरासा हलत होता. केबिन पाळण्यासारखी डुलत होती. इतक्या रात्रींचा शीण अंगावर आला आणि मास्तरांचा डोळा लागला.

"अहो! घोरताय!"

कोपर बरगडीत बसलं. दिवा लागला. बाई उठून बसल्या होत्या आणि उशी त्यांच्या काखेत होती.

मास्तरांनी मास्क काढून चाचपला. "सरकला वाटतं. माझी चूक."

"मला वाटलंच होतं, हे टिकायचं नाही. मी बाहेर लाउंजमधल्या सोफ्यावर जाते."

"अगं, पट्टा आवळतो ना. एवढी एक रात्र बघ. पुन्हा जाग आली तर घरी नको येऊस माझ्या खोलीत, मी ब्रसुद्धा काढणार नाही." मास्तरांनी उशीचं टोक धरलं. "तुझ्याशिवाय ती खोली खायला उठते गं."

काखेतली उशी बाईंनी पुन्हा जागेवर ठेवली, थोपटून नीट केली.

"घट्ट आवळा," म्हणाल्या, आणि दिवा मालवून उताण्या पडल्या.

मास्तरांनी पट्टा आवळला. बराच वेळ समुद्राचा आणि मशीनच्या हवेचा तेवढा आवाज होता. मग घोरणं पुन्हा सुरू झालं. आधी हलकं, मग खर्जातलं, भरदार.

मास्तर क्षणभर मन भरून ऐकत राहिले. मग त्यांनी बाईंच्या खांद्याखाली हात घातला, त्यांना अलगद कुशीवर वळवलं, आणि घोरणं थांबलं.