कोरा लेहंगा

मानकोलीच्या गोडाऊनमध्ये रंजिता ऑनलाइन विकून परत आलेले कपडे तपासते. लग्नसराईत नवरीचे लेहंगे येतात, एक दिवस मिरवून गुपचूप परत पाठवलेले. हळदीचा डाग दिसला की ती ते बाद करते.

आजचा लेहंगा पाहून ती थबकली. स्वतःच्या लग्नासाठी तिने अगदी असाच पसंत केला होता. पण रविवारी हॉल बघायला होणारा नवरा आलाच नाही, आणि तेव्हापासून तो फोनही उचलत नव्हता.

लेहंग्यासोबतच्या चिठ्ठीत परतीचं कारण होतं : आता गरज नाही.

रंजिता अस्तर, शिवणी, नाडी पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघू लागली.

"कोरा हाय, टॅगपण काढला न्हाय. पास कर ना," शेजारची रीमा म्हणाली.

"थांब गं. हळद लागली असंल कुठंतरी."