हिरवा आकडा

"आत्या, बघ, एकशे बेचाळीस!" छातीवरचा पट्टा सोडत भाच्याने मोबाईल पुढे केला.

हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर जितकं कमीजास्त, तितकं शरीर ताजंतवानं, असं त्याला कोचने शिकवलं होतं. सकाळी या फरकाचा आकडा हिरवा आला तर जोरात पळायचं, लाल आला तर आराम. आठवडाभर लालच येत होता, म्हणून तो घरात धुसफुसत होता. आज एकदम दुप्पट, आणि हिरवा.

बूट घालून तो नमस्काराला वाकला. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या आत्याने सवयीने त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत मोजू लागली. तीन ठोके घाईने आले. पुढचा आलाच नाही. मग दोन एकावर एक. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"सोड ना, घाट गाठायचाय."

"थांब. हे ताजंतवानं नाही रे, हे ठेचकाळतंय."

"तुझ्यापेक्षा मशीनला जास्त कळतं गं." हसत हात सोडवून तो जिना उतरलासुद्धा.

ती हाका मारत गॅलरीत आली, तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता. तिने फोन लावला. त्याचा मोबाईल मागे टेबलावरच वाजला. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आज जोर लावा.'