भाऊ घरात थांबेना

लोसा जेवायला येऊन बसली तसा फोलाऊ उठला. तोंडातला घास तोंडात, हात उष्टे, आणि स्वारी मागच्या दारानं बाहेर.

‘बघितलंस?’ लोसा म्हणाली. ‘बघितलंस ना लुपे, तुझा नवरा कसा पळाला ते?’

लुपेच्या मांडीवर तान्ही पोरगी दूध पीत होती. ‘जेवा हो वन्सं,’ ती म्हणाली. ‘अळूच्या पानातलं मटण गार झालं की त्यात काही राम नाही.’

वन्सं म्हणे! लुपेचं तोंड पहिल्यापासून गोड. पण तिच्या गोडव्यानं लोसाचं पोट भरणार नव्हतं. भाची बघायला म्हणून ती ऑकलंडहून आली होती खरी, पण ओढ होती ती भावाची. एका चटईवर, एका चादरीत दोघं वाढले. पुढं फोलाऊ झाला चांगला दांडगा बाप्या, आणि लोसा झाली लेइती. म्हणजे बाप्या तर नाहीच, पण पुरती बाईही नाही, दोन्हीकडची. इथं टोंगाच्या बेटांवर कुठल्याही गावात जा, लग्नातला नाच बसवायला आणि चर्च सजवायला लेइतीवाचून अडतं, आणि तिच्या पाठीमागं खिदळणारेही चार जण असतातच.

फोलाऊ मात्र कधी खिदळला नव्हता. म्हणून तर हे जिव्हारी लागलं. काल ती आल्यापासून त्यानं नुसती पळापळ लावली होती. टीव्हीवर पिक्चर लागला होता, ही हौसेनं शेजारी जाऊन टेकली, तर हा ऐन मारामारीत उठून गेला. रात्री अंथरूण काखेत मारून होडीच्या छपराखाली झोपायला गेला. आणि आज सकाळी! त्याची कळी खुलावी म्हणून तिनं एक चावट किस्सा सांगितला. ऑकलंडमध्ये तिच्या मैत्रिणी, सगळ्या लेइती, या किस्स्याला गडाबडा लोळतात. इथंही शेजारच्या म्हाताऱ्यांनी पोट धरलं. फोलाऊचे कान तेवढे लालभडक झाले, आणि तो मान खाली घालून चालता झाला.

लोसानं पान सारलं. ‘मी जाते. दुपारची बोट आहे.’

‘अहो, उद्या पोरीचा बाप्तिस्मा!’

‘उरका तुम्हीच. माझं तोंड बघवत नाहीये त्याला. तिकडे लोक काय वाटेल ते बोलतात, मी ऐकून घेते. परक्यांचं काय एवढं! पण हा?’

आत जाऊन तिनं बॅग ओढली आणि हाताला लागेल ते कोंबायला सुरुवात केली. पोरीसाठी आणलेली झबली तेवढी बाहेर नीट रचून ठेवली. रागानं फणफणत होती, पण ती परत न्यायचं काही तिच्या मनात आलं नाही.

लुपे मागोमाग आली. तिनं पोरीला सरळ बॅगेतल्या कपड्यांवर निजवलं. ‘हं, न्या आता.’

‘चेष्टा पुरे हं, लुपे.’

‘चेष्टा नाही. मला एक सांगा वन्सं, माझे भाऊ इथं येतात तेव्हा बसतात कुठं?’

‘बाहेर. आंब्याखाली.’

‘आत का येत नाहीत?’

‘आत कसे येतील? आपल्याकडे वयात आलेली बहीण ज्या खोलीत असते तिथं भाऊ कधी...’ लोसा बोलता बोलता थांबली.

लुपे तिच्याकडे बघतच राहिली. ‘अगंबाई! तुमच्या लक्षातच आलं नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला कळतंय आणि उगाच छळताय त्याला! पिक्चरमध्ये कोण कधी कुणाचा मुका घेईल याचा नेम नाही, तो काय बहिणीच्या शेजारी बसून बघायचा? आणि सकाळचा तो तुमचा किस्सा! भावासमोर! लाजेनं मेल्यासारखं झालं मला. पळत माडाखाली गेला बिचारा, आणि तिथं एकटाच डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता.’

लोसा बॅगेशेजारी खाली बसली.

‘पण मी लेइती आहे गं. मी कुठली...’

‘आहातच की लेइती! नाही कोण म्हणतंय? पण बहिणीला द्यायचा तो मान तुम्हालाच द्यायचा, हे त्यानं ठरवलंय. मला लग्नाआधीच बजावून ठेवलं होतं.’

‘म्हणजे आता तो माझ्याजवळ कधीच बसायचा नाही?’

‘जन्मात नाही.’

लोसाला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं, आणि तिनं दोन्ही आवरलं नाही.

तेवढ्यात बाहेरून, भिंतीच्या पलीकडून, फोलाऊचं खाकरणं ऐकू आलं. तो बायकोशी बोलत होता, पण आवाज चांगला चढवून. ‘लुपे, विचार तिला, पोरीचं नाव काय ठरवलंय? पाद्रीबुवांचा निरोप आलाय. म्हटलं, आत्यानं नाव सांगितल्याशिवाय बाप्तिस्मा कसा व्हायचा?’

उठावं, धावत जावं आणि त्याच्या गळ्यात पडावं, असं लोसाला फार वाटलं. ती उठली नाही. तिनं झगा पायांवर नीट ओढून घेतला, पोरीला बॅगेतून उचलून छातीशी धरलं.

‘त्याला सांग, नाव सांगते,’ ती म्हणाली. ‘पण अर्धपोटी गेलाय मघाशी. आधी त्याचं ताट बाहेर नेऊन दे.’ भिंतीपलीकडं ऐकू जाईल असा तिनंही आवाज चढवला. ‘आणि आत येऊ नकोस म्हणावं. बहीण बसलीय इथं.’