बिलावरचं नाव

दीप्तीने वीज कंपनी बदलायचा फॉर्म सासूबाईंच्या पुढ्यात आपटला आणि वर पेन ठेवलं.

"सही करा, आई. मीटर तुमच्या नावावर आहे, नाहीतर मी विचारलंच नसतं."

तापलेल्या पत्र्याखाली ती दिवसभर मोटरच्या मशीनवर ब्लाउज शिवायची. गिऱ्हाइकं होती, हात चालत होता, आणि महिन्याच्या शेवटी कमाईचा मोठा लचका विजेचं बिल तोडायचं. दुसऱ्या कंपनीची वीज स्वस्त होती. साकीनाक्याच्या त्या गल्लीत अर्ध्या लोकांनी कंपनी बदललीही होती.

"अगं, सरकारने कमाल दर बांधून दिलाय ना," मिथुन खाटेवरून म्हणाला. मोबाईलमधून मान वर न काढता. "त्याच्यावर कोणी एक पैसा घेऊ शकत नाही. मग बदलायची कटकट कशाला?"

नवऱ्याचं हे वाक्य ती वर्षभर ऐकत होती. तिचं डोकंच फिरलं.

"वर घेऊ शकत नाही. खाली घेऊ शकतात ना? सरकारने छप्पर घातलं म्हणून काय त्यालाच लटकून राहायचं?"

सुंदराबाईंनी पेनला हात लावला नाही. उठून पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तीस वर्षांची बिलं होती, सालवार लावून दोऱ्याने बांधलेली.

"झोपड्या मोजाया सर्व्हेवाले आले तवा शेजारच्या मालनकडं रेशन कार्ड होतं, मतदानाचं कार्ड होतं. सलग बिलं नव्हती. कुठं हाय मालन आता?"

"जुनी बिलं पिशवीतच राहणार आहेत ना!"

"नवी कंपनी नवा नंबर देणार. उद्या साहेब म्हणंल, बाई, तू इथं कालच आलीस." त्यांनी गाठ पुन्हा घट्ट केली. "दिवा कुठल्याबी कंपनीचा लागतो, पोरी. आपण इथं राहतो, हे फक्त ह्याच कंपनीला ठाऊक हाय."

दीप्तीला त्यांचा राग आला, मिथुनचा आला. सगळ्यात जास्त आला तो मालनला हाकलणाऱ्या साहेबाचा. पण तो समोर नव्हता.

तिने स्क्रू काढून मशीनची मोटर सोडवली आणि खाटेवर मिथुनच्या पायाशी टाकली. जुना चामड्याचा पट्टा चाकावर चढवला. पायाने मशीन मारायला लागली, खोली हादरेल अशी.

"हळू गं," सुंदराबाई म्हणाल्या. "पाय दुखतील."

"दुखू देत. ते बिल माझ्या नावावर येतं."